हार्ट फेल्युअर : गोळ्या, सूज आणि दम यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉक्टर आत तपासतात, पण प्रश्न बाहेर माझ्या टेबलाशी विचारले जातात. "सिस्टर, जरा एक विचारू का?" म्हणत माणूस खुर्ची ओढतो, पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढतो आणि आत विचारायचं राहिलेलं सगळं बाहेर येतं. हृदयविकाराच्या ओपीडीत वर्षानुवर्षं तेच प्रश्न ऐकत आले, म्हणून ते इथे लिहून काढले. डोस बदलायचा तो तुमच्या डॉक्टरांनीच. पण त्यांना नेमकं काय विचारायचं, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, एवढं यातून कळलं तरी पुष्कळ.

फाइलवर ‘हार्ट फेल्युअर’ लिहिलंय. म्हणजे हृदय बंद पडलं का?

बंद पडलं असतं तर तुम्ही हे वाचत बसला नसता. ‘फेल’ हा शब्द आपण दहावीच्या निकालात शिकलो, त्यामुळे तो कानावर पडला की घरात रडारड सुरू होते. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून स्नायूचा एक भाग मरणं. कार्डिॲक अरेस्ट म्हणजे ठोकेच थांबणं. हार्ट फेल्युअरमध्ये पंप चालूच असतो, पण शरीराला लागतं तेवढं रक्त पुढे ढकलायला कमी पडतो किंवा ताठर झाल्यामुळे नीट भरत नाही. मग मागे पाणी तुंबतं. फुप्फुसात तुंबलं की दम लागतो, पायात उतरलं की सूज येते.

अटॅक येऊन गेल्यावर हे होतं हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण वर्षानुवर्षं न सांभाळलेलं बीपी, मधुमेह, दारू, लहानपणच्या सांधेज्वराने खराब झालेली झडप, एखादा व्हायरल ताप, क्वचित बाळंतपण, ही कारणंही आमच्याकडे रोज दिसतात. शिवाय हा निव्वळ म्हातारपणाचा आजार नाही. भारतातल्या ५३ रुग्णालयांतल्या १०,८५१ रुग्णांची जी राष्ट्रीय नोंद झाली, तीत सरासरी वय ६० च्या आसपास निघालं. म्हणजे निम्मे लोक नोकरीत किंवा शेतात काम करणारे असावेत असं समजायला हरकत नाही.

कुठली लक्षणं दिसली की थांबायचं नाही?

बसल्या जागी दम लागतोय, बोलताना वाक्य तुटतंय, गुलाबी फेसाळ कफ पडतोय, छातीत दाबल्यासारखं दुखतंय, शुद्ध हरपली, ओठ निळसर झाले, माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागला: यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन करा. उद्याच्या ओपीडीची वाट बघू नका. दम लागलेल्या, शुद्धीवर असलेल्या रुग्णाला आडवं झोपवू नका, पाठीला लोड लावून बसवा, पाय खाली सोडा. आडवं केल्यावर दम वाढतो, आणि घरचे नेमके घाबरून आडवंच करतात.

इएफ ३० आलंय. म्हणजे ७० टक्के हृदय गेलं?

नाही हो. हा हिशोब शंभरपैकी नसतोच. हृदयाचा डावा कप्पा भरल्यावर एका ठोक्यात त्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं तो आकडा म्हणजे इएफ. ठणठणीत माणसाचाही साधारण ५५ ते ७० असतो, शंभर कुणाचाच नसतो. ४० किंवा त्याखाली गेला की ‘पंपिंग कमी’ म्हणतात.

आणि उलट गोष्ट: इएफ ६० असूनही हार्ट फेल्युअर असू शकतं. उतारवयातल्या, वजन जास्त असलेल्या, बीपी-शुगर असलेल्या बायकांमध्ये हे फार दिसतं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ‘नॉर्मल’, म्हणून दम्याची किंवा ‘वजनामुळे होतं’ची समजूत घालून त्यांना घरी पाठवलं जातं. जिना चढताना दम, संध्याकाळी पायावर सूज आणि इको नॉर्मल अशी आई घरात असेल तर तिचा प्रश्न तिथेच सोडू नका.

एवढ्या गोळ्या कशाला? सूज तर पाण्याच्या गोळीनेच जाते.

इथे मी जरा थांबते, कारण पुन्हा ॲडमिट व्हायला येणाऱ्या किती तरी जणांची गोष्ट याच वाक्यापासून सुरू होते.

पंप कमजोर झाला की मूत्रपिंडाला रक्त कमी पोचतं. मूत्रपिंडाला कारण कळत नाही. त्याला वाटतं, माणसाला जखम झाली, रक्त वाहून चाललंय. मग ते मीठ आणि पाणी धरून ठेवतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयाला चाबूक मारल्यासारखे ठोके वाढतात. वाघाने पंजा मारला तर हाच बंदोबस्त जीव वाचवील. पण इथे रक्त वाहतच नाहीये, आणि थकलेल्या बैलाला आणखी मारत राहिलं तर तो बसतो.

पाण्याची गोळी, म्हणजे लॅसिक्स किंवा टॉरसेमाइड, साठलेलं पाणी काढते. दोन दिवसांत बुटाचा पट्टा सैल होतो, माणूस आडवा झोपू शकतो. तिचा गुण जाणवतो, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. पण तिने आयुष्य वाढतं असं सिद्ध झालेलं नाही. तो चुकीचा बंदोबस्त मोडणाऱ्या गोळ्या वेगळ्या, आणि पंपिंग कमी असलेल्यांसाठी त्यांचे चार गट आहेत. पहिला सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, किंवा त्याऐवजी रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टनसारखी गोळी. दुसरा बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल किंवा मेटोप्रोलॉल सक्सिनेट. तिसरा स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन. चौथा डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. या गोळ्या घेतल्या त्या दिवशी काही जाणवत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कधी कधी तर सुरुवातीला थोडं मलूलच वाटतं.

आणि म्हणून काय होतं? पैसे कमी पडले, गावाला जायचं झालं, गोळ्या गिळायचा कंटाळा आला की माणूस ‘गुण देणारी’ ठेवतो आणि ‘उगाचच्या’ बंद करतो. नेमक्या उलट्या. १९९९ सालच्या अभ्यासात एकट्या स्पायरोनोलॅक्टोनने गंभीर रुग्णांमधले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी केले. गोळी किती साधी आणि स्वस्त आहे ते तुमच्या बिलावर बघा. दुसऱ्या गटाची तर गंमतच आहे. जुन्या काळी हार्ट फेल्युअरमध्ये त्या देऊच नयेत असं शिकवायचे, कारण त्या हृदयाचा जोर कमी करतात. थकलेल्या हृदयाला विश्रांतीच हवी होती हे कळायला नव्वदचं दशक संपावं लागलं.

मग पाण्याची गोळी सूज उतरली की मीच बंद करू का?

परस्पर नको, पण डॉक्टरांशी बोलून हिची मात्रा कमी-जास्त करता येते. बाकीच्यांची तशी नाही. काही डॉक्टर लिहूनच देतात की वजन अमुक झालं तर एक गोळी जास्त, अमुक खाली गेलं तर अर्धी. तुमच्या कागदावर तसं नसेल तर विचारून लिहून घ्या.

आणखी एक, जे कुणी विचारत नाही पण करतात सगळे: एसटीने जायचं असलं की त्या दिवशी पाण्याची गोळी बुडवायची. बायका तर हमखास, कारण वाटेत बरं स्वच्छतागृह मिळेल याचा भरवसा नाही. त्याची लाज वाटायला नको. पण बुडवण्यापेक्षा वेळ सरकवा. लॅसिक्सचा जोर गोळी घेतल्यावर तासाभरात सुरू होतो आणि साधारण सहा तासांत ओसरतो. पोचल्यावर दुपारी घेतली तरी चालते. रात्री उशिरा घेऊ नका, नाहीतर रात्रभर उठाबशा.

बीपी १००/६० दाखवतंय. घरी सगळे घाबरले, मी सकाळची गोळी घेतली नाही.

मशीनला घाबरू नका, तुम्हाला काय होतंय ते बघा. या आजारात वरचा आकडा शंभराच्या आसपास असणं पुष्कळदा चालतं, कारण कमी दाबाविरुद्ध रक्त ढकलणं कमजोर पंपाला सोपं जातं. चक्कर नाही, डोळ्यांपुढे अंधारी नाही, लघवी नीट होतेय, तर गोळी घ्या आणि आकडा वहीत लिहा.

उठताना तोल जात असेल किंवा वरचा आकडा ९० च्या खाली जात असेल तर फोन करा. अशा वेळी डॉक्टर बहुधा आधी बाकीच्या गोष्टी बघतात: बीपीची जुनी ॲम्लोडिपिन अजून चालू आहे का, प्रोस्टेटची गोळी दाब पाडतेय का, पाण्याची गोळी गरजेपेक्षा जास्त झाली का, सगळ्या गोळ्या एकाच वेळी पोटात जातात का. मोलाची औषधं सगळ्यात शेवटी कमी करायची असतात.

बिसोप्रोलॉल सुरू झाल्यापासून अंगात त्राण नाही.

सुरुवातीचे काही आठवडे होतं. म्हणूनच ही अगदी थोड्या मात्रेत सुरू करून साधारण दोन-दोन आठवड्यांनी वाढवतात. एकदम बंद मात्र करू नका. अचानक थांबवल्यावर ठोके उसळतात आणि हृदय दुखावतं. नाडी ५० च्या खाली जात असेल, चक्कर येत असेल किंवा दम आणि सूज वाढत असेल, तर लगेच कळवा. कार्व्हेडिलॉल असेल तर जेवणासोबत घ्या, म्हणजे चक्कर कमी येते.

रात्रंदिवस कोरडा खोकला. कफ सिरपच्या तीन बाटल्या संपल्या.

गोळ्यांत रॅमिप्रिल, एनालाप्रिल, पेरिंडोप्रिल असं ‘प्रिल’ने संपणारं नाव आहे का बघा. त्यांनी घशात खवखवणारा कोरडा खोकला येऊ शकतो आणि तो कुठल्याही सिरपने जात नाही. डॉक्टर ‘प्रिल’ऐवजी वेगळ्या प्रकारची गोळी देतात, काही आठवड्यांत खोकला जातो. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन सुरू करायची असेल तर शेवटच्या ‘प्रिल’ नंतर ३६ तास जाऊ द्यावे लागतात. घरात उरलेल्या जुन्या गोळ्या तिच्याबरोबर चुकूनही घेऊ नका, चेहरा-जीभ सुजून श्वास अडकू शकतो.

पण आडवं झाल्यावर येणारा आणि उठून बसल्यावर थांबणारा खोकला वेगळा. तो फुप्फुसात पाणी भरत असल्याचा इशारा असू शकतो. त्याला गोळीचा दोष देऊन थांबू नका.

हे कसं सांगू... छातीला गाठ आल्यासारखी दुखते. मी पुरुष आहे.

हा प्रश्न बहुधा बायको विचारते, नवरा खिडकीबाहेर बघत असतो. स्पायरोनोलॅक्टोनमुळे होतं ते. आधी सांगितलेल्या १९९९ च्या अभ्यासात दर दहा पुरुषांत एकाला हा त्रास झाला होता. एप्लेरेनोन दिली की बहुतेकांचा थांबतो. लाजून गोळी फेकून देण्यापेक्षा एवढं बोललेलं बरं. गाठ एकाच बाजूला आणि कडक असेल तर मात्र नीट तपासून घ्या.

मला मधुमेह नाही, मग शुगरची गोळी का? आणि लघवीच्या रिपोर्टमध्ये साखर आली!

डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन आधी मधुमेहासाठी आल्या हे खरं. पुढे २०१९ च्या अभ्यासात दिसलं की मधुमेह नसला तरी हार्ट फेल्युअरमध्ये त्या उपयोगी पडतात, आणि आता तर पंपिंग चांगलं असलेल्यांनाही देतात. मधुमेह नसलेल्याची रक्तातली साखर त्या सहसा धोकादायक पातळीवर पाडत नाहीत.

या गोळ्या साखर लघवीतून बाहेर टाकतात, म्हणजे रिपोर्टमध्ये साखर येणारच. ती आली म्हणजे गोळी पोटात गेली. एका गृहस्थांना लघवीचा रिपोर्ट बघून कुणीतरी मधुमेहाच्या आणखी दोन गोळ्या लिहून दिल्या होत्या. तेव्हा लॅबमध्ये आणि नव्या डॉक्टरांकडे आधीच सांगा.

लघवीत साखर असल्यामुळे त्या जागी बुरशीची खाज येऊ शकते. पाण्याने धुणं, कोरडं ठेवणं, आणि खाज आली तर न लाजता बोलणं. ठरवून करायच्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी ही गोळी थांबवतात. मोतीबिंदूवाल्या डॉक्टरांनाही यादी दाखवा.

गुडघे फार दुखतात. मेडिकलवाल्याने दिलेली गोळी घेतली तर?

माझ्या मते पाण्याच्या गोळीनंतर सर्वांत जास्त घोळ हीच गोष्ट घालते. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब या सगळ्या दुखणं मारणाऱ्या गोळ्या मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात. पाण्याची गोळी एकीकडून बाहेर काढते, ही दुसरीकडून अडवते. चार दिवसांत दम लागून माणूस खाटेवर येतो आणि सांगतो, "नवीन काहीच घेतलं नाही." खोदून विचारलं की दुकानातून सुटी मिळालेली पांढरी-लाल जोडी निघते. लोकांच्या लेखी ती औषधच नसते.

दुखण्यावर साधी पॅरासिटामॉल घ्या, पाण्यात विरघळून फसफसणारी नको, तिच्यात सोडियम असतं. गुडघ्याला शेक, पट्टा, व्यायाम. अँजिओप्लास्टीनंतरची ७५ ची एकोस्प्रिन मात्र या यादीत येत नाही, ती परस्पर बंद करू नका.

जाता जाता आणखी काही नावं कागदावर लिहून ठेवा. मधुमेहाची पायोग्लिटाझोन आणि पायांच्या रक्तप्रवाहासाठीची सिलोस्टाझोल हार्ट फेल्युअरमध्ये टाळतात. पंपिंग कमी असेल तर डिल्टियाझेम आणि व्हेरापामिलही. सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या ठोके आणि दाब वाढवतात. ज्येष्ठमधाचा काढा रोज घेतला तर पाणी साठतं आणि पोटॅशियम पडतं.

पोटॅशियम वाढलंय म्हणाले. म्हणजे काय खायचं नाही?

पहिल्या आणि तिसऱ्या गटाच्या गोळ्या शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. साधारण ३.५ ते ५ असायला हवं. ५.५ च्या वर गेलं की डॉक्टर मात्रा कमी करतात, आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. याचं लक्षण आधी कळत नाही, रक्ततपासणीतच कळतं. स्पायरोनोलॅक्टोन सुरू केल्यावर आठवड्याने आणि महिन्याने रक्त तपासायला सांगतात ते यासाठी. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, थोडं वाढलं तरी ते अपेक्षित असतं. रिपोर्ट हातात पडल्या पडल्या ‘किडनी गेली’ म्हणून गोळ्या बंद करू नका.

खाण्यात पहिला संशयित ‘लो सोडियम’ मीठ. चांगल्या हेतूने मुलगा शहरातून घेऊन येतो. त्यात सोडियम कमी करायला पोटॅशियमच घातलेलं असतं. दुसरं नारळपाणी. आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणतो. वाढलेलं असेल तर शहाळी पाहुण्यांना द्या.

सैंधव चालतं ना?

सैंधव म्हणजे मीठच. रंग वेगळा, उपवासाला चालतं, पण सोडियम तेच.

दिवसाचं सगळं मिळून सपाट चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवायचा प्रयत्न करा. त्याहून फार खाली, अगदी अळणी करून छळू नका. २०२२ साली ८०६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात फार कडक पथ्याने मृत्यू किंवा ॲडमिशन कमी झाली नाहीत. आमच्याकडे तर असंही दिसतं की अळणी दिल्यावर आजोबा जेवतच नाहीत आणि अंगाचं मांस झडतं. भाजीतलं मीठ निम्मं करून भागत नाही, खरं मीठ ताटाच्या डाव्या बाजूला असतं: लोणचं, पापड, खारातली मिरची, चटणी. कोकणात सुकट आणि खारवलेले मासे. शिवाय फरसाण, पाव, आणि पित्तावर घेतलेलं फसफसणारं चूर्ण. ते चूर्ण खारट लागत नाही म्हणून कुणी मोजत नाही.

पाणी किती प्यायचं?

सगळ्यांना एकच माप नसतं. सूज फार असेल, रक्तातलं सोडियम कमी असेल तर दीड ते दोन लिटर सांगतात, त्यात चहा, ताक, आमटी सगळं धरून. तब्येत स्थिर असलेल्यांनी तहान मारत बसावं का यावर २०२५ मध्ये नेदरलँड्समधल्या ५०४ रुग्णांवर अभ्यास झाला. दीड लिटरचं बंधन पाळणाऱ्यांना तहान जास्त लागली, बरं काही जास्त वाटलं नाही. तेव्हा वर्षभरापूर्वी ॲडमिट असताना सांगितलेलं माप अजून पाळत असाल तर पुन्हा विचारा, खास करून विदर्भातल्या मे महिन्यात.

वजन रोज का करायचं? मी काही जाड होत नाहीये.

जाड होण्याचा संबंध नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तीन दिवसांत दोन किलो चरबी कुणी चढवू शकत नाही, लग्नाच्या पंगती जेवूनही नाही. तीन दिवसांत दोन किलो वाढलं म्हणजे ते पाणीच, आणि ते काट्यावर दिसल्यावर बऱ्याचदा काही दिवसांनी पायावर दिसतं. सकाळी लघवी-संडास झाल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, सारख्याच कपड्यांत. शेजारी एका ओळीत आकडा, सूज, दम. एवढीच वही. दम लागायच्या आधी कळवलं तर फोनवर गोळी वाढवून भागतं, लागल्यावर आलात तर शिरेतून औषध द्यावं लागतं.

सूज बघायची कशी?

नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून उचला, खड्डा राहिला तर पाणी आहे. जोडवी रुतायला लागली, पैंजण फिरेनासं झालं, परकराची किंवा लेंग्याची नाडी जिथे बांधायची तिथे पुरेना झाली: बायकांना हे आमच्या आधी कळतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पायावर सूज नसते, ती माकडहाडाजवळ उतरते. तिथे दाबून बघा.

सगळी सूज हृदयाची नसते. ॲम्लोडिपिनने आणि पायांच्या मुंग्यांसाठी दिलेल्या प्रीगाबॅलिननेही पाय सुजतात. एकच पाय सुजला, दुखतोय, गरम लागतोय तर ती गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

रात्री उशा वाढवाव्या लागतात. वयामुळे असेल ना?

वयाने उशा वाढत नाहीत. दोनाच्या तीन झाल्या, खुर्चीत बसून झोप लागायला लागली, मध्यरात्री गुदमरून उठून खिडकीशी जावं लागतं, तर पाणी फुप्फुसात चढतंय. खाली वाकून केर काढताना किंवा चप्पल घालताना दम लागणंही त्यातलंच. ‘कितव्या जिन्यावर दम लागतो’ यापेक्षा ‘पूर्वी जे करत होतात त्यातलं काय सोडलं’ हा प्रश्न खरा. कारण माणसं दम लागू नये म्हणून हळूच कामं सोडतात आणि सांगतात, "दम बिलकूल नाही."

दोन घास खाल्ले की पोट भरतं, फुगतं. ॲसिडिटीची गोळी चालू आहे.

यकृत आणि आतड्यांत पाणी तुंबलं तर असंच होतं. उजव्या बरगडीखाली जड वाटतं, भूक मरते. वजनाची वही दाखवा. भूक गेली, मळमळतंय आणि दिसतं ते पिवळट वाटतंय, शिवाय गोळ्यांत डिगॉक्सिन आहे, तर लगेच कळवा, तिची मात्रा रक्तात वाढलेली असू शकते. डिगॉक्सिन मुळात झाडातलं औषध. आपल्या कण्हेरीतही त्याच जातीची द्रव्यं असतात, आणि ती विषारी आहे ते त्यामुळेच. कुणी कण्हेरीचा पाला ‘हृदयाला चांगला’ म्हणून दिला तर घेऊ नका.

अर्जुनारिष्ट घेतो. सांगायला हवं का?

हवं. कुणी रागावणार नाही. अरिष्टात आंबवण्यातून तयार झालेलं मद्य असतं, दारूमुळे ज्यांचं हृदय कमजोर झालंय त्यांना ते नको. अर्जुन सालीचा काढा गोळ्यांच्या ‘ऐवजी’ घेणारे मात्र मला काळजीत टाकतात.

जुलाब-उलट्या होत असताना या गोळ्या घ्यायच्या का?

पाणी आधीच चाललंय, त्यात पाण्याची गोळी, दाबाची गोळी आणि ‘ग्लिफ्लोझिन’ पोटात गेली तर मूत्रपिंड कोरडं पडतं. अशा दिवशी काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कुठल्या आणि किती दिवस, ते आजारी पडायच्या आधीच डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. खाणंपिणं सुरू झालं की गोळ्या पुन्हा सुरू करायला विसरू नका, कारण बरेच जण कायमचेच विसरतात.

निर्जळी उपवासाचंही हेच. एकादशीला फराळ करून गोळ्या घेतल्या तर बहुतेकांचं निभतं, पण ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या मधुमेह्यांनी आधी विचारावं, उपाशी राहिल्याने रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो.

पंपिंग ३० वरून ५५ झालं! आता गोळ्या बंद ना?

पेढे वाटा. गोळ्या चालू ठेवा.

लंडनमध्ये नेमकं हेच करून पाहिलं होतं, २०१८ साली निकाल आला. हृदय मोठं होऊन पंपिंग कमी झालेले, पण औषधांनी पूर्ण सुधारलेले, लक्षणं नसलेले रुग्ण घेतले. ज्या २५ जणांची औषधं हळूहळू बंद केली त्यांतल्या ११ जणांचा आजार सहा महिन्यांत परतला. ज्यांनी चालू ठेवली त्यांच्यातल्या एकाचाही त्या काळात परतला नाही. सुधारलेला आकडा औषधं चालू असतानाचा आहे. चष्मा लावून नीट दिसतं म्हणून आपण चष्मा काढून टाकत नाही.

गोळी विसरली तर?

आठवली की घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दुप्पट कधीच नाही.

महिन्याचा खर्च झेपत नाही.

सांगा, गुपचूप गोळ्या अर्ध्या करू नका. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनचं पेटंट भारतात जानेवारी २०२३ मध्ये संपलं, डॅपाग्लिफ्लोझिनचं २०२० मध्ये, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. तेव्हापासून अनेक कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि भाव पुष्कळ उतरले. जुनाच महागडा ब्रँड लिहिलेला असेल तर बदलून मागा, जनऔषधी केंद्रातही विचारा. फक्त घटकाचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. मेटोप्रोलॉल सक्सिनेट आणि मेटोप्रोलॉल टार्ट्रेट एक नाहीत, हार्ट फेल्युअरसाठी सक्सिनेट.

सून गरोदर राहायचा विचार करतेय, तिला हा आजार आहे.

आधी डॉक्टरांना भेटा, मग विचार करा. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ गोळ्या बाळाला घातक आहेत. पाळी चुकली तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करायला तिला सांगा. आणि शक्य असेल तर तिलाच येऊ द्या, एकटीला.

नवरा-बायकोचे संबंध?

न थांबता दोन मजले चढता येत असतील तर बहुधा चालतं. ताकदीच्या गोळ्या मात्र परस्पर नकोत. सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेट गोळीबरोबर त्या घेतल्या तर दाब धोकादायकरीत्या पडतो.

पुढच्या वेळी येताना काय आणू?

फाइल तर आणाच, पण गोळ्यांची अख्खी पिशवी आणा. डब्यातल्या, उशाखालच्या, शेजारणीने दिलेल्या, मेडिकलमधून सुट्या आणलेल्या, चूर्णं, काढे, सगळं. वजनाची वही. आणि घरात जो गोळ्या काढून देतो तो माणूस, मग तो सातवीतला नातू का असेना. त्याला कुठली कधी बुडते ते बरोबर माहीत असतं.